दुखवट्याचं जेवण कुठे करायचं

आमच्याकडे फोन वाजला की तो बहुतेक वेळा जेवणाबद्दल असायचा. आमच्याकडे जेवायला येण्याबद्दल नव्हे, दुसरीकडे कुठे जेवावं याबद्दल. "नागपूरचे पाहुणे आलेत, मिसळ कुठली दाखवू?" "साहेबांना घेऊन जायचंय, थाळी कुठे चांगली?" "सासूबाईंना उपास आहे आणि बुधवार पेठेत खरेदी आहे, जवळपास काही मिळेल का?" हे फोन माझ्या नवऱ्याला असायचे. हे चष्मा काढून खिशात ठेवायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि आधी उलटतपासणी घ्यायचे. किती जण आहात, कुठून येणार, गाडी आहे का, कुणाचे गुडघे दुखतात का. मग निकाल द्यायचे, आणि निकाल दिला की त्यावर अपील नसायचं.

हे मूळचे अकोल्याकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून पोटाच्या मागे मागे जात त्यांनी गाव शिकून घेतलं. मी जन्मापासून पेठेत वाढलेली. मला गल्ल्या माहीत होत्या, यांना वेळा माहीत होत्या. कुठला उपाहारगृहवाला भर दुपारी फळ्या लावून झोपायला जातो, कुणाची खिचडी सकाळी मऊ आणि उन्हं चढली की चिवट, कुठे दुसऱ्यांदा रस्सा मागितला की मालक तोंडानं काही न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो. पुण्यात बाहेर जेवायचं तर आधी थोडा अपमान पचवायची तयारी हवी, असं ते नव्या माणसाला बजावून सांगायचे. सांगताना चेहऱ्यावर असा काही अभिमान, की तो अपमान करणारा मालक यांचा सख्खा मेहुणा असावा.

यातलं निम्मं काम माझं होतं आणि त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही. दर शनिवारी आम्ही दोघं बाहेर जेवायचो. हे ताटाकडे बघायचे, मी बाकी सगळीकडे. हात धुवायची जागा कशी आहे, बाईमाणसाला जाण्यासारखी मोरी आहे का, जिना किती उभा आहे, जेवता जेवता पुढचा माणूस खुर्चीमागे येऊन उभा राहतो का. घरी येताना मी हे सगळं सांगायची आणि पुढच्या फोनवर ते जसंच्या तसं यांच्या तोंडून बाहेर पडायचं. लोक म्हणायचे, काय बारीक नजर आहे हो तुमची! हे म्हणायचे, असतं एकेकाला. मी आत भांडी जरा जास्त आवाज करून ठेवायची. त्यापलीकडे काही बोलले नाही. नवरा-बायकोत असल्या हिशेबावर भांडायला बसलं तर संसार करायला वेळ उरत नाही.

आम्हाला मूल नाही. पण घरात एक मूल वाढलं, ते म्हणजे माझा धाकटा दीर. इंजिनिअरिंगला पुण्यात आला तेव्हा त्याला ओठावर नीट मिशीही नव्हती. कॉलेजच्या आसपासच्या खोलीत राहायचा, दोन्ही वेळा खाणावळीत जेवायचा आणि दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडे. पुढे खोलीचं काही तरी बिनसलं आणि गादी घेऊन तो आमच्या कोथरूडच्या घरी बाहेरच्या खोलीत आला तो नोकरी लागून लग्न होईपर्यंत तिथंच होता. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते, आमच्यात तशी पद्धत आहे. मनात मात्र तो कायम तोच राहिला आहे. पोळी फुगलेली असेल तर एक जास्त खाणारा, वरणात लिंबू नसलं तर शोधायला उठणारा.

हे गेले ते ऐन आंब्याच्या दिवसांत. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारी नव्हते. त्याबद्दल मला इथं जास्त लिहायचं नाही. मला जे लिहायचंय ते त्यानंतरचं आहे.

दहाव्याला विधी आटोपले. घाटाच्या पायऱ्या चढून आम्ही रस्त्यावर आलो तर यांचा एक चुलतभाऊ माझ्या बाजूला आला. डोळे लाल, आवाज दाटलेला. मला वाटलं, सांत्वनाचं काही बोलेल. तो म्हणाला, "वहिनी, दादा म्हणायचे ना, इथं जवळपास कुठे तरी फार चांगला नाश्ता मिळतो?" आणि मी सांगितलं! पुलाच्या अलीकडे डावीकडे वळा, दुसरी गल्ली, पोहे घेऊ नका, आंबोळी घ्या. सांगून झाल्यावर मला कळलं आपण काय करतोय ते. त्याचं काही चुकलं असं नाही, माणसाला भूक लागते. पण दोन गाड्या भरून माणसं त्या गल्लीकडे गेली आणि मी रिक्षानं घरी आले. तेराव्याच्या जेवणात आमरस ठेवावा की नाही यावर नंतर सगळ्यांची चर्चा झाली. माझं मत कुणी विचारलं नाही, मीही दिलं नाही. आमरस झाला, आणि मंडळींनी तो चांगला दोन-दोन वाट्या घेतला.

तेरावा झाला की आमच्याकडे दुखवटा काढतात. ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांना जवळचे नातेवाईक आपल्या घरी नेतात, गोडाचं करून जेवू घालतात, साडी देतात. तेव्हापासून त्या माणसानं पुन्हा लोकांत यायचं, लग्नामुंजींना जायचं, असा तो अर्थ. मी फारशी देवाधर्माची बाई नाही. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवतो की नाही हे बघत तासभर ताटकळणारे लोक पाहून मला चीडच येते. पण दुखवट्याच्या जेवणावर माझा विश्वास आहे. तो का, ते सांगते.

माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. कसब्यात मामाच्या दोन खोल्या होत्या, तिथं मामीनं आम्हाला बोलावलं. बोलावलं म्हणजे स्वतः न्यायला आली. तेरा दिवस आई नुसती बसून होती. कुणी हातात दिलं तर खायची, नाही तर नाही. मामीनं शेवयांची खीर केली होती. पहिला घास आईनं घेईपर्यंत मामी पळी हातात धरून तिच्यासमोर उभी राहिली. आईनं घास घेतला, पण आई तेव्हाही काही बोलली नाही. जेवणं झाली, मामी खरकटी भांडी घेऊन मोरीत बसली आणि आई उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. मामी घासत होती, आई विसळत होती. विसळता विसळता आई म्हणाली, "या पातेल्याला कल्हई करून घे ग." बाबा गेल्यानंतर आई आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी दारात उभी होते. मला तेव्हाच कळलं, की आई आता जगेल.

म्हणून यांच्यामागे मला एवढंच हवं होतं. कुणी तरी मला आपल्या घरी न्यावं. त्यांच्या गॅसवर माझ्यासाठी काही तरी शिजावं. जेवण झाल्यावर त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून मला दोन भांडी विसळू द्यावीत. आणि हे कुणी तरी म्हणजे दुसरं कोण? यांच्या बाजूचा जवळचा असा एक दीरच उरला होता.

दीर, जाऊ आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी हडपसरच्या पुढे मांजरीला राहतात. पूर्वी तिथं नजर जाईल तिथवर ऊस होता, आता उसाच्या जागी टॉवर उगवलेत. वास्तुशांतीला गेलो होतो तेव्हा जावेनं स्वयंपाकघर दाखवलं होतं. ओटा काळाकुळकुळीत, कपाटं हात न लावता उघडणारी, वर शेगडीएवढी मोठी चिमणी. हे मला हळूच म्हणाले होते, "फोडणीचा वास इथं पोलीस संरक्षणात येत असेल." तेव्हा मी खूप हसले होते.

तेराव्यानंतर आठवड्याभरात दिराचा फोन आला.

"वहिनी, या रविवारी संध्याकाळी दुखवट्याचं उरकून घ्यावं म्हणतोय. तुम्हाला चालेल ना?"

'उरकून' हा शब्द मी गिळला. म्हटलं, "चालेल की."

"मग कुठे जाऊया?"

मला समजलं नाही. मी म्हटलं, "कुठे म्हणजे?"

"म्हणजे जेवायला हो. दादा असता तर त्यालाच विचारलं असतं. पण तुम्हालाही सगळं माहिती आहेच. शांत, फॅमिली टाइप असं कुठलं सजेस्ट कराल?"

माझ्या दुखवट्याला कुठे जेवायचं, हे मीच सुचवायचं होतं. मी फोन या कानावरून त्या कानाला घेतला. एकदा खडा टाकून पाहावा म्हणून म्हटलं, "घरीच करू या की भाऊजी. मी सकाळीच येते. साधा शिरा केला तरी पुरे."

"अहो, घरी कुठे! रविवारी बाई येत नाही आमच्याकडे. हिचं मंडेला ऑडिट आहे. आणि तुम्ही येऊन काम करायचं म्हणजे काय? रिलॅक्स व्हा ना जरा. आता सगळे बाहेरच करतात."

डोक्यात तिडीक गेली. वर्षानुवर्षं ज्याला गरम वाढलं, त्याला एका रविवारी माझ्यासाठी वाटीभर रवा भाजता येत नव्हता. ऑडिट जावेचं होतं, त्याचे हात तर मोकळे होते? पण हे मी बोलले नाही. पुण्यातल्या माणसाला राग आला की तो आवाज चढवत नाही, जास्तच सभ्य होतो. मी अगदी गोड आवाजात त्याला पेठेतल्या एका जुन्या खाणावळीचं नाव सांगितलं. "यांची आवडती जागा," म्हटलं. "साधं घरगुती जेवण. तुम्हीही विद्यार्थी असताना तिथंच जेवत होतात."

"वा! बेस्ट. नॉस्टॅल्जिया. तिथंच भेटू मग आठला. तुम्ही या रिक्षानं."

पुण्यातली प्रत्येक जुनी खाणावळ रविवारी दुपारी फीस्ट देते आणि रविवारी संध्याकाळी बंद असते. हे इथं शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात कळतं, कारण त्या संध्याकाळी तो उपाशी गल्लीबोळ हिंडतो आणि शेवटी बिस्किटाचा पुडा घेऊन खोलीवर जातो. पेठेत वाढलेल्या कुणालाही त्या मुलांचे रविवार संध्याकाळचे चेहरे माहीत असतात. मला तर पक्कं माहीत होतं. बंद दारासमोर आणून उभं केलं की दिराला ओशाळं वाटेल, आता आयत्या वेळी कुठे जाणार, चला वहिनी घरीच, असं म्हणावं लागेल, असा माझा डाव होता. डाव चांगला होता. शिऱ्याचं सामान मी पिशवीत घालून नेलं होतं. रवा, साखर, तूप, चार वेलदोडे.

मी आठच्या आधीच पोचले आणि समोरच्या बंद पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. वास्तविक न्यायला येणं हाच अर्धा दुखवटा असतो, पण ते आता कुणाला सांगणार. गाडी आली, तिघं उतरली. दीर ऐटीत खाणावळीकडे गेला आणि दाराशी थबकला. दाराला कुलूप होतं आणि वर पाटी होती. 'रविवारी संध्याकाळी बंद. शेजारी चौकशी करू नये.'

"अरे, बंद?" तो म्हणाला. "रविवारी? रविवारी कोण बंद ठेवतं?"

मी पायरीवरून उठून रस्ता ओलांडत होते. ते ऐकून माझे पाय जागीच थांबले. तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. या खाणावळीत तो जेवत होता, महिन्यांमागून महिने जेवत होता, आणि ती रविवारी संध्याकाळी बंद असते हे त्याला कधी कळलंच नव्हतं. कारण दर रविवारी संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात बसलेला असायचा. त्याच्या वाट्याला ती उपाशी संध्याकाळ मी कधी येऊच दिली नव्हती, आणि ती आलीच नाही म्हणून तिची त्याला आठवणही नव्हती.

पुतणीनं पाटीचा फोटो काढला. "काकू, हे किती आयकॉनिक आहे! मी स्टोरीला टाकते."

"वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं का हो?" दिरानं विचारलं.

"माहीत होतं," मी म्हटलं.

दोघा नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. जावेनं आवाज खाली आणला, पण मला ऐकू येईल इतपतच. "राहू दे. शॉकमध्ये आहेत अजून. विसरतं माणूस." मग तिनं माझ्या दंडाला हात लावून मला गाडीत बसवलं, एखाद्या वाट चुकलेल्या म्हातारीला बसवावं तसं. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम खोडी काढली आणि ती माझ्या दुःखाच्या खात्यात जमा झाली.

पण गाडी निघाली ती मांजरीच्या दिशेनं. दीर म्हणाला, "आपल्या साइडलाच जाऊ." मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. कॅम्प मागे पडला, हडपसरची गर्दी आली, उड्डाणपूल गेला. पुतणी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मी मनात हिशेब करत होते, कढई त्यांच्याकडे कुठली असेल, नॉनस्टिक असेल तर रवा मंद आचेवर भाजावा लागेल. वाटलं, बोलला नाही तरी मनात आलं असेल त्याच्या. लाजतो तो सांगायला, लहानपणापासूनचीच सवय. मला चक्क बरं वाटायला लागलं होतं. हे असते तर म्हणाले असते, बघ, उगीच माणसाबद्दल वाईट विचार करतेस.

गाडी वळली आणि एका झगमगीत इमारतीच्या तळघरात शिरली. पुतणी म्हणाली, "फोर पॉइंट थ्री आहे बाबा. रिव्ह्यूज मस्त आहेत. आणि घरापासून फाइव्ह मिनिट्स."

घर पाच मिनिटांवर होतं.

वर गच्चीवर हॉटेल होतं. दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं हसून विचारलं, "सर, एनी ऑकेजन? बर्थडे, अॅनिव्हर्सरी?" दीर गडबडला. जाऊ म्हणाली, "जस्ट फॅमिली डिनर." मला सांगावंसं वाटलं, की बाई, माझा नवरा मेलाय, त्याचं सेलिब्रेशन आहे. तेही मी गिळलं. त्या दिवशी मी जेवणापेक्षा जास्त शब्दच गिळले.

गाणी इतकी मोठ्यांदा लावली होती, की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता, तिथं हॉटेलची माणसं टाळ्या वाजवत होती. मेन्यूकार्ड गुळगुळीत, त्यावर पदार्थांचे फोटो. वाढप्यानं विचारलं, व्हेज की नॉनव्हेज, तर जाऊ म्हणाली, "ताईंना व्हेज. आता ताई नाही खाणार ना." माझी आई कोकणातली, मी मासळीवर वाढलेली बाई. तेरावा झाला होता, खाल्लं तरी कुणाचं काही जात नव्हतं. पण आता मी काय खाणार नाही हेही मला दुसऱ्याकडून कळणार होतं. पुतणीनं मात्र माझ्याकडे वाकून विचारलं, "काकू, तुला खरंच काय आवडतं?" तेवढ्या आवाजातही मला ते ऐकू आलं. मी म्हटलं, "शिरा." ती कार्डभर बोट फिरवून म्हणाली, "सॉरी काकू, नाहीये." माझा हात टेबलाखाली पिशवीवर होता. ही मुलगी वाईट नाही. तिला फक्त कुणी काही दाखवलेलं नाही.

मग साडी आली. जावेनं कागदी पिशवी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "ताई, कलर चालेल ना? बिल आहे आत, बदलून मिळेल." मी साडी बाहेर काढणार तोच वाढप्यानं ताटल्या आणल्या आणि जागा करायला म्हणून ती पिशवी उचलून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. तिथंच ती जेवण होईपर्यंत राहिली. साडी राखी रंगाची आहे. मी अजून नेसलेली नाही.

गोडाचा घास हवा म्हणून शेवटी ब्राउनी मागवली. ती लोखंडी तव्यावर चरचरत, वाफा सोडत आली आणि आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. दिरानं माझ्या ताटलीत तुकडा घातला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो घ्यायला उठून गेला. मी घास घेतला तेव्हा समोर कुणी उभं नव्हतं. जाऊ बिल बघत होती, पुतणी फोटो काढत होती. चव बरी होती. कडू आणि गोड एकत्र असं काही तरी होतं.

जेवण झाल्यावर सवयीनं मी ताटल्या एकात एक ठेवायला लागले. वाढप्या धावत आला. "मॅडम, प्लीज, लीव्ह इट." माझ्या हातातून त्यानं त्या काढून घेतल्या. अगदी अदबीनं घेतल्या. मी रिकामे हात मांडीवर ठेवले, तेव्हा मला रडू आलं. हे गेल्यापासून लोकांसमोर मी रडले नव्हते, ती तिथं रडले, टाळ्यांच्या आणि गाण्यांच्या मधोमध. जावेनं टिश्यूपेपर दिला आणि म्हणाली, "मोकळं व्हा ताई, बरं असतं." तिनं ते मनापासून म्हटलं असावं. पण मी यांच्यासाठी रडत होते असं तिला वाटलं, आणि तेवढंच ते नव्हतं.

खाली आलो. मला अजूनही वाटत होतं, की आता तरी म्हणतील, चला घरी, पाच मिनिटं टेका, सकाळी सोडतो. दीर फोनवर टिचक्या मारत होता. "वहिनी, कॅब बुक केलीय कोथरूडची. आम्ही उलट्या दिशेला पडतो ना. उद्या मंडे, हिचं ऑडिट." कॅब यायला वेळ होता. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. तिथून त्यांचा टॉवर दिसत होता, पुतणीनं मला बोट दाखवून त्यांची खिडकी दाखवली. आत दिवा चालू राहिला होता.

कॅब आली. दीर वाकला, माझ्या पाया पडला. तेवढं मात्र तो विसरला नाही, कधीच विसरत नाही. उठताना त्याचे डोळे भरले होते, तेही खोटे नव्हते. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. दुखवटा संपताना वडीलधारे जे सांगतात ते त्यानं मला सांगितलं. "वहिनी, झालं ते झालं. आता घरात बसून राहू नका. बाहेर पडत जा."

मी दार धरून उभी होते. आता राहवलं नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "कुठे येत जाऊ, भाऊजी?"

त्यानं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून, माझं भलं व्हावं म्हणून केला.

"तुमच्या मागं टेकडी आहे ना," तो म्हणाला, "तिथं जात जा रोज. हवा फार छान असते."